कॉर्ड आणि स्केल डायग्रामची सेटिंग्ज: गिटार नवीन शिकणाऱ्यांनी फ्रेटबोर्ड कसा लावून घ्यायचा

गिटार घेतली की फोनमध्ये एखादं कॉर्डचं अ‍ॅप येतंच. मग एका ठिकाणी डायग्राम, म्हणजे कुठली तार कुठे दाबायची त्याचं चित्र, उभा दिसतो, दुसरीकडे आडवा, कुठे ठिपक्यात १-२-३ लिहिलेलं असतं, कुठे सी-ई-जी, कुठे बाजूला बारीक रोमन आकडे, आणि नवीन माणसाला वाटतं की आपल्यालाच काही कळत नाहीये. तसं नसतं हो. चित्रं सगळी बरोबर असतात, फक्त प्रत्येकाच्या सेटिंग्ज वेगळ्या असतात आणि त्या बदलता येतात हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण सेटिंगचं ते पान कोणी उघडतच नाही.

मी नवीन मुलांना आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. चित्राची दिशा एकदाच ठरवायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. ठिपक्यांमध्ये काय लिहायचं ते मात्र काम बदललं की बदलायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, म्हणजे दर अ‍ॅपमध्ये वेगळी दिशा आणि सगळीकडे तीच बोटांची नंबरं, आणि मग वर्षभर वाजवूनही पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पडलेलं एकेक घर) कुठला सूर आहे ते सांगता येत नाही.

आधी दिशा

दोनच मुख्य प्रकार आहेत. उभा डायग्राम म्हणजे गिटार भिंतीला टेकवून समोर उभी केली, डोकं वर, तर जसं दिसेल तसं. डावीकडे जाड सहावी तार, उजवीकडे बारीक पहिली, वर नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती छोटी पट्टी. कॉर्डची पुस्तकं आणि गाण्यांची शीट यात जवळपास हाच असतो. आडवा डायग्राम म्हणजे गिटार मांडीवर तोंड वर करून आडवी ठेवली तर जसं दिसेल तसं, नट डावीकडे, जाड तार तुमच्या पोटाकडे म्हणजे चित्रात खाली, बारीक तार वर. टॅबमध्ये, म्हणजे तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहितात त्या लिपीत, पण हाच क्रम असतो, त्यामुळे टॅब वाचणाऱ्याला आडवा डायग्राम वेगळा शिकावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर कॉर्डसाठी उभा आणि स्केलसाठी आडवा. कॉर्डचा डायग्राम चार फ्रेटचा छोटा चौकोन असतो, गाण्याच्या शब्दांवर उभा छान बसतो. स्केल, म्हणजे ओळीने वाजवायचे सूर, मात्र मानेवर लांब पसरते, ती उभी केली की फोनवर सारखं स्क्रोल करत बसावं लागतं.

काही अ‍ॅपमध्ये आडव्या डायग्राममध्ये जाड तार वर ठेवायचा पर्याय असतो. गिटार धरून बसलं की जाड तार वरच असते ना, म्हणून सुरुवातीला तो सोपा वाटतो, पण टॅब वाचायला लागलात की सगळं उलटं होतं. तो पर्याय बंदच ठेवा.

लावलेली दिशा बरोबर आहे का ते बघायला सी कॉर्ड काढा. सहाव्या तारेपासून मोजलं तर ती अशी: क्रॉस, ३, २, ०, १, ०. उभ्या डायग्राममध्ये तीन ठिपके खाली डावीकडून वर उजवीकडे चढत जायला हवेत. नट डावीकडे असलेल्या आडव्या डायग्राममध्ये ते खाली उजवीकडून वर डावीकडे जायला हवेत. असं दिसत नसेल तर कुठेतरी मिरर किंवा लेफ्ट हँडेड चालू आहे, ते शोधून बंद करा.

डावखुऱ्यांसाठी

इथे आधी एक बघायचं, गिटारच्या तारा बदलल्या आहेत की नाही. डावखुऱ्यांची गिटार असेल किंवा उजवी गिटार उलटी करून तारा परत योग्य क्रमाने लावल्या असतील, जसं जिमी हेंड्रिक्स करायचा, तर लेफ्ट हँडेड सेटिंग चालू करा, चित्र आरशात बघितल्यासारखं होईल आणि जाड तार उजवीकडे जाईल. पण काही जण उजवी गिटार नुसती फिरवून धरतात, तारा तशाच, अल्बर्ट किंग असाच वाजवायचा. अशांनी उभ्या डायग्राममध्ये मिरर लावू नये, कारण गिटार भिंतीला टेकवली तर ती बाकी सगळ्यांसारखीच दिसते, तारांचा क्रम तोच आहे. त्यांना बोटांची नंबरं तेवढी उपयोगाची नाहीत, ती बंद करून टाकावी.

ट्यूनिंग

हे लोक सोडून देतात आणि मग स्केल चुकीची वाटते. स्टँडर्ड ट्यूनिंग सहाव्या तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. अ‍ॅपमध्ये हेच लावलंय याची खात्री करा. गाण्यासाठी ड्रॉप डी केलं, म्हणजे जाड ई उतरवून डी केली, आणि अ‍ॅप स्टँडर्डवरच राहिलं तर त्या एका तारेवरचा प्रत्येक ठिपका दोन फ्रेट मागे दाखवला जाणार. बाकी पाच तारा बरोबर असतात म्हणून चूक लवकर लक्षातही येत नाही.

उकुलेले असेल तर तारांची संख्या चार आणि ट्यूनिंग जी, सी, ई, ए. बेसला चार तारा ई, ए, डी, जी. तारा सहावरून चारवर आणल्या म्हणजे ट्यूनिंग आपोआप बदलतं असं समजू नका, दोन्ही वेगवेगळी तपासा.

स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चार. त्यामुळे स्केलचा आकार दुसऱ्या तारेवर आला की एक घर पुढे सरकलेला दिसतो. तो अ‍ॅपचा घोळ नाही, तसाच असायला हवा.

किती फ्रेट दाखवायचे आणि कुठून

कॉर्डसाठी चार फ्रेट पुरतात, थोडी ताणलेली कॉर्ड असेल तर पाच. स्केलच्या एका पोझिशनसाठी पाच घ्या. प्रत्येक तारेवर तीन सूर घेणारे पॅटर्न असतील तर सहा लागतात. पूर्ण मान बघायची असेल तर ० ते १२ लावा, कारण बाराव्या फ्रेटनंतर सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं. गिटारला २२ फ्रेट आहेत म्हणून २२ दाखवायची गरज नाही, पानभर ठिपके दिसतात आणि डोळा कुठेच थांबत नाही.

सुरुवातीचा फ्रेट जास्त महत्त्वाचा आहे. पहिल्या फ्रेटपासून चित्र सुरू असेल तर वरची रेघ जाड असते, ती म्हणजे नट. पाचव्या फ्रेटपासून असेल तर रेघ साधी होते आणि बाजूला ५ लिहिलेलं येतं. काही प्रोग्राम हा आकडा रोमनमध्ये टाकतात, स्वरलिपी छापायचा लिलिपाँड नावाचा प्रोग्राम तर मुळातच छोटी रोमन अक्षरं वापरतो, त्यामुळे तीन बारीक उभ्या रेघा दिसल्या तर तो तिसरा फ्रेट समजा. साधे आकडे लावायची सेटिंग असते, ती लावून घ्या. आणि आकडा नेमका कुठल्या फ्रेटसमोर आहे ते बघा, बहुतेक ठिकाणी दिसणाऱ्या पहिल्या घरासमोर असतो पण काही ठिकाणी सगळ्यात कमी फ्रेटवरच्या बोटासमोर असतो, आणि इथेच लोक अख्खी कॉर्ड एक घर मागेपुढे धरतात.

इनले म्हणजे मानेवरचे पांढरे ठिपके, ३, ५, ७, ९ वर एकेक आणि १२ वर दोन, हे दाखवायची सोय असेल तर आडव्या स्केल डायग्राममध्ये नक्की चालू करा. फिक्या राखाडी रंगात ठेवा, नाहीतर सुरांच्या ठिपक्यांत मिसळतात.

ठिपक्यात काय लिहायचं

साधारण चार पर्याय मिळतात. बोटांचे नंबर, सुरांची नावं, इंटरव्हल, किंवा काहीच नाही.

बोटांचे नंबर नवीन कॉर्ड शिकताना. तर्जनी १, मधलं बोट २, अनामिका ३, करंगळी ४. हार्मोनियम किंवा कीबोर्डवरून आलेल्यांनी लक्ष द्या, पियानोच्या बोटांत अंगठा १ असतो, गिटारमध्ये अंगठा मोजतच नाहीत, लागलाच तर टी लिहितात. नंबर ठिपक्यात असावेत की तारेखाली, हा पण पर्याय असतो. मला तारेखाली आवडतात, कारण मग ठिपका मोकळा राहतो आणि त्यात दुसरं काही लिहिता येतं. हात बसला की नंबर बंद करा, स्केलमध्ये तर पहिल्या काही दिवसांनंतर अजिबात नको.

सुरांची नावं म्हणजे ए, बी, सी ही मानेवरच्या जागा पाठ करायला. इथे अडचण शार्प-फ्लॅटची, म्हणजे एक फ्रेट वर किंवा खाली घेतलेल्या सुराच्या नावाची, येते. बरीच अ‍ॅप्स मुळातच सगळं शार्पमध्ये दाखवतात. एफ मेजर स्केल काढली तर त्यात बी फ्लॅट हवा, पण अ‍ॅप ए शार्प लिहितं, मग स्केलमध्ये ए पण आहे, ए शार्प पण आहे आणि बी गायबच. वाजेल बरोबर, वाचताना मात्र डोकं फिरतं. सेटिंगमध्ये शार्प, फ्लॅट किंवा 'की'प्रमाणे (म्हणजे स्केलप्रमाणे) असे पर्याय असतील तर 'की'प्रमाणे निवडा. नसेल तर जी, डी, ए, ई या मेजर स्केलसाठी शार्प आणि एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट साठी फ्लॅट, असं हाताने बदला.

आता इंटरव्हल. माझ्या मते सगळ्यात कामाचा पर्याय हाच, आणि सगळ्यात कमी वापरला जातो. यात सूर कुठला ते न लिहिता मूळ सुरापासून तो कितवा ते लिहितात. १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि त्यांचे फ्लॅट-शार्प. आपल्याकडे ज्यांनी थोडं गाणं ऐकलंय त्यांना हे शिकवावंच लागत नाही, कारण १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, फ्लॅट ३ म्हणजे कोमल ग, ३ म्हणजे शुद्ध ग, ४ शुद्ध म, शार्प ४ तीव्र म, ५ प, आणि तसंच पुढे ध आणि नी. कस्टम लेबलची सोय असेल तर सरळ सा रे ग म टाका, देवनागरी फॉन्ट चालत असेल तर अजूनच छान.

हे किती कामाचं आहे ते एका आकारावर दाखवतो. सगळे नवशिके जो पहिला स्केल बॉक्स शिकतात तो ए मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांची स्केल, पाचव्या फ्रेटवर. सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचवी, चौथी आणि तिसरी या तिन्ही तारांवर ५ आणि ७, दुसरी आणि पहिली दोन्हींवर परत ५ आणि ८. एकूण १२ ठिपके. रूट, म्हणजे मूळ सूर, ए ठेवा आणि लेबल सरगम करा. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट सा, आठवा कोमल ग, पाचव्या तारेवर म आणि प, चौथ्या तारेवर कोमल नी आणि परत सा. हे धानी रागाचे सूर झाले.

आता एकही ठिपका न हलवता फक्त रूट ए चा सी करा. तेच १२ ठिपके, पण सहाव्या तारेवरचा पाचवा फ्रेट आता ध झाला आणि आठवा सा. पाचव्या तारेवर रे, ग. चौथ्या तारेवर प, ध. तिसऱ्या तारेवर सा, रे. दुसरीवर ग, प आणि पहिलीवर परत ध, सा. वाजवून बघा, भूप आहे. सी मेजर पेंटाटॉनिक म्हणतात ते हेच. बोटं तीच, फ्रेट तेच, फक्त कुठल्या सुराला घर मानायचं ते बदललं. बोटांचे नंबर लावून बसलेल्या माणसाला हे दहा वर्षांत दिसणार नाही कारण त्याच्या चित्रात काही बदलतच नाही. पूर्वी शाळेत पेटीवर सरगम म्हटलेल्या मुलांना हे दाखवलं की ती गिटारवर लगेच भूपातली ओळखीची गाणी शोधायला लागतात, आणि तिथून पुढे त्यांना स्केल रटावी लागत नाही.

रूट वेगळा दिसायलाच हवा. रंग वेगळा करा किंवा आकार, म्हणजे बाकी गोल आणि रूट चौकोनी. मी आकार बदलायला सांगेन, कारण काळी-पांढरी झेरॉक्स काढली की रंग जातो आणि लाल-हिरवा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनाही चौकोन दिसतो. रंग वापरायचाच असेल तर एकच, रूटला. सात सुरांना सात रंग दिले की चित्र सुंदर दिसतं आणि वाचता काहीच येत नाही.

क्रॉस, गोल आणि बार

नटच्या वर क्रॉस म्हणजे ती तार वाजवायची नाही, मोकळा गोल म्हणजे ओपन वाजवायची. काही अ‍ॅप्समध्ये हे दोन्ही लपवता येतात. कॉर्डसाठी लपवू नका. डी कॉर्डमध्ये सहावी आणि पाचवी तार सोडायची असते, क्रॉस दिसला नाही की नवीन मुलगा सहाच्या सहा तारा झोडतो आणि खर्जात जाड ई घुमत राहते. स्केल डायग्राममध्ये मात्र क्रॉसचं काही काम नाही, तिथे बंद.

बार कॉर्ड, जसं एफ, म्हणजे १, ३, ३, २, १, १. इथे पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं. डायग्राममध्ये ते जाड पट्टी म्हणून येतं, वरून कमान म्हणून येतं किंवा नुसते ठिपके येतात. शिकताना पट्टी ठेवा. नुसत्या ठिपक्यांमध्ये एकच बोट आहे की तीन ते कळत नाही, आणि कमान छोट्या प्रिंटमध्ये रेघेला चिकटते.

कॅपो लावला असेल तर

कॅपो म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबणारा चिमटा. इथे दोन पद्धती आहेत आणि अ‍ॅप कुठली वापरतंय ते आधी बघायचं. एका पद्धतीत कॅपोलाच नट मानतात, फ्रेट तिथून मोजतात आणि कॉर्डचं नाव आकारावरून देतात. दुसरीत फ्रेट खऱ्या नटपासून मोजतात आणि नाव खऱ्या सुराचं देतात. गाण्याला साथ करताना पहिली बरी, हात ओळखीचे आकार धरतो. मानेवरचे खरे सूर शिकायला दुसरी.

साथीला बसणाऱ्यांसाठी हे फार उपयोगी आहे कारण आपल्याकडचा गायक सी शार्प म्हणत नाही, पेटीच्या काळ्या पट्टीवरून काळी एक म्हणतो. काळी एक म्हणजे सी शार्प, तर सीचे आकार आणि कॅपो १, किंवा एचे आकार आणि कॅपो ४. काळी दोन म्हणजे डी शार्प, सीचे आकार आणि कॅपो ३. काळी चार म्हणजे जी शार्प, जीचे आकार आणि कॅपो १. काळी पाच म्हणजे ए शार्प, जीचे आकार आणि कॅपो ३. डायग्राम आकाराच्या नावाने ठेवा आणि शीटच्या वर मोठ्या अक्षरात पट्टी आणि कॅपोचा आकडा लिहा, ऐनवेळी गायकाने पट्टी बदलली तर एकही डायग्राम न बदलता कॅपो सरकवला की झालं.

स्वतः डायग्राम बनवायचे असतील तर

म्यूझस्कोअर हा स्वरलिपी लिहायचा प्रोग्राम फुकट आहे, त्यावरून सुरुवात करा. पॅलेटमध्ये फ्रेटबोर्ड डायग्राम्स आहेत, त्यातला एक उचलून स्वरलिपीतल्या एखाद्या सुरावर टाका. तो डायग्राम सिलेक्ट केला की प्रॉपर्टीजमध्ये तारा किती, फ्रेट किती दिसायचे, सुरुवातीचा फ्रेट कुठला, हे सगळं बदलता येतं. ठिपका हवा तिथे क्लिक करायचं. स्केल बनवायची असेल तर एका तारेवर एकापेक्षा जास्त ठिपके ठेवू देणारा पर्याय आधी चालू करा, नाहीतर दुसरा ठिपका ठेवला की पहिला उडतो आणि कळतच नाही काय होतंय. ठिपक्याचा आकार चौकोन, त्रिकोण असा बदलता येतो, रूटसाठी चौकोन इथूनच घ्या.

प्रॉपर्टीजमधला बदल त्या एका डायग्रामपुरता असतो. सगळ्या पानावरच्या डायग्रामना एकच दिशा, एकच जाडी हवी असेल तर फॉरमॅट मेन्यूतून स्टाईल उघडा, तिथे फ्रेटबोर्ड डायग्रामचं वेगळं पान आहे. उभा-आडवा तिथेच. एकदा मनासारखं झालं की त्याच मेन्यूतून स्टाईल सेव्ह करून ठेवा आणि पुढच्या गाण्याला तीच लोड करा.

लिलिपाँडमध्ये सगळं टाइप करून करावं लागतं, म्हणून सुरुवातीला अवघड वाटेल, पण पन्नास गाण्यांचं बाड एकसारखं काढायचं असेल तर त्याला तोड नाही. मुळात तो चार फ्रेट आणि उभा डायग्राम देतो, बोटांचे नंबर ठिपक्यात, तारेखाली किंवा अजिबात नाही असे तीन पर्याय आहेत, बार कमानीचा, सरळ किंवा बंद.

प्रिंट काढण्याआधी

पूर्ण मानेचा डायग्राम असेल तर फ्रेटची रुंदी सारखी ठेवायची की खऱ्यासारखी कमी होत जाणारी, हा पर्याय काही ठिकाणी असतो. साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिमी स्केल लेंग्थच्या (नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर पहिलं घर साधारण ३६ मिमी रुंद असतं आणि बारावं जेमतेम १९ मिमी. भिंतीवर लावायच्या तक्त्याला खऱ्यासारखी रुंदी छान दिसते, नजर गिटारवरून तक्त्यावर सहज जाते. पण वरच्या घरांत लेबल मावत नाहीत, म्हणून वहीतल्या छोट्या चित्राला सारखीच रुंदी ठेवा.

ए४ कागदावर उभे कॉर्ड डायग्राम एका ओळीत सहा बसतात, त्याहून जास्त कोंबले की बोटांचे नंबर वाचता येत नाहीत. आधी एकच पान काढा, म्युझिक स्टँडवर ठेवा, गिटार घेऊन नेहमीसारखे बसा आणि तिथून क्रॉस आणि गोल यातला फरक दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर अख्ख्या डायग्रामचा आकार वाढवा, रेघांची जाडी वाढवू नका, रेघा जाड झाल्या की ठिपके त्यात हरवतात.